वणी परिसरातील पुरणाचा नैवेद्य : घरगुती पाकपरंपरेतील भेदांचा ऐतिहासिक विचार

पाकपरंपरा हा शब्द सामाजिक इतिहासाच्या लेखनात आता रूढ झाला आहे. तथापि या शब्दामागे एक गृहीत दडलेले असते, त्याची चिकित्सा क्वचितच होते. प्रत्येक पारंपरिक पदार्थाची एक मूळ व शुद्ध कृती असते, आणि घरोघर आढळणारे तिचे भेद हे त्या मूळ कृतीपासून कालौघात झालेले स्खलन होय, असे ते गृहीत आहे. हे गृहीत मान्य केले, तर अभ्यासकाचे काम मूळ कृतीचा शोध घेणे एवढेच उरते, आणि घरगुती भेद हे पुराव्याच्या कक्षेतून आपोआप बाहेर पडतात. नाशिक जिल्ह्यातील वणी आणि तिच्या परिसरात कुलाचाराच्या निमित्ताने होणारा पुरणाचा नैवेद्य हे उदाहरण घेऊन या गृहीताची परीक्षा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रदेशाचे स्वरूप

वणी हे दिंडोरी तालुक्यातील बाजाराचे गाव. त्याच्या उत्तरेस सप्तशृंगीचा गड असून तो कळवण तालुक्यात मोडतो. अष्टादशभुजा सप्तशृंगी ही महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानली जाते. गड तालुक्याने निराळा असला, तरी लोकांच्या बोलण्यात देवी ‘वणीची’च असते, खुद्द वणी गावातही जगदंबेचे देवालय आहे. गडावर चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा भरते, आणि आश्विनात नवरात्राचा उत्सव होतो. चैत्रातील यात्रेस खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांचा भरणा मोठा असतो.

या गावाची प्राचीनता ताम्रपटाने सिद्ध आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७३० (इ. स. ८०७-०८) मधील ताम्रपट वणी येथे सापडला, आणि अभ्यासकांत तो वणी-दिंडोरी ताम्रपट म्हणून ओळखला जातो. हे दान मयूरखंडी येथून दिलेले असून त्यात नासिक देशाचा निर्देश आहे. मयूरखंडीचे स्थान सप्तशृंगीसमोरील मार्कंड्या डोंगराशी जुळविण्याचा प्रयत्न काही संशोधकांनी केला आहे. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत दानाचे प्रयोजन बली, चरू, वैश्वदेव, अग्निहोत्र आणि अतिथिसत्कार या शब्दांनी सांगण्याची रीत होती. चरू म्हणजे हविष्यान्न, आणि अतिथिसत्कार म्हणजे प्राधान्याने भोजन. भूमिदानाच्या मागे शिजविलेल्या अन्नाची अपेक्षा होती. मात्र ते अन्न कोणी आणि कसे शिजवावे, याविषयी अशी पत्रे मौन पाळतात. देवकार्यातील अन्नाविषयी राजशासनाचे हे मौन पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

वणीचे स्थान वाटेवरचे आहे. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतताना शिवाजी महाराजांची दाऊदखानाच्या मोगल सैन्याशी गाठ पडली, ती ऑक्टोबर १६७० मध्ये वणी-दिंडोरीच्या याच टापूत. सुरतेकडून नाशिककडे येणारी वाट, खानदेशातून घाटाने उतरणारी वाट आणि पश्चिमेच्या डांगी मुलखातील पाऊलवाटा या परिसरात एकत्र येतात. परिणामी तीन निरनिराळ्या धान्यप्रदेशांचा येथे संगम झालेला दिसतो. पूर्वेस व दक्षिणेस गहू, बाजरी व हरभऱ्याचा देश, उत्तरेस खानदेश, पश्चिमेस पेठ, सुरगाणा व कळवणच्या डोंगराळ भागात नागली, वरई, उडीद, कुळीथ आणि खुरासणी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८३ साली प्रसिद्ध झालेला नाशिकविषयक खंड या पिकांची नोंद करतो. आज दिंडोरी तालुका द्राक्षे आणि टोमॅटो यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु कुलाचाराचे अन्न अजूनही बव्हंशी जुन्या पिकांवर उभे आहे.

२. एक नैवेद्य व त्याचे भेद

सप्तशृंगी ही नाशिक, धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील अनेक कुळांची कुलदेवता आहे. कुलदेवतेला पुरणाचा नैवेद्य दाखविण्याची चाल महाराष्ट्रात सर्वदूर आहे, तशी ती या कुळांतही आहे. देवता एक, नैवेद्याचे नाव एक, आणि निमित्तही बहुधा एकच. तरीही पानावर पडणारा पदार्थ घरागणिक भिन्न असतो.

देशावरील घरांत हरभऱ्याची डाळ शिजवून, तिचे पाणी वेगळे काढून, गूळ घालून पुरण आटवितात. ते पाट्यावर अथवा पुरणयंत्रात वाटून कणकेच्या उंड्यात भरतात आणि पोळी तव्यावर भाजतात. डाळीच्या काढलेल्या पाण्याची पुणे-सातारा बाजूस कटाची आमटी होते, तर नाशिकच्या ग्रामीण घरांत भाजलेले खोबरे, कांदा व काळा मसाला वाटून केलेले झणझणीत सार पुरणपोळीबरोबर हवेच असते. सोबत भात, कुरडई आणि भजी. खानदेशी घरांत हीच पोळी मांड्याचे रूप घेते. मऊ भिजविलेली, पुष्कळ मळलेली कणीक पुरण भरून लाटण्याऐवजी दोन्ही हातांवर झेलत फैलावितात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. अक्षय्य तृतीयेस, म्हणजे खानदेशच्या आखाजीस, हे मांडे आंब्याच्या रसाबरोबर खातात. गुजरातेकडे गेल्यास पुरण हरभऱ्याऐवजी तुरीच्या डाळीचे होते. डोंगराळ भागातील कोकणा, महादेव कोळी वा वारली कुटुंबांत गहू हे पूर्वी घरचे पीक नव्हते. तेथे सणाच्या अन्नाचा मान नागली, वरई आणि उडीद यांना होता, आणि धान्यालाच कणसरी या नावाने देवतारूप दिलेले आढळते.

हे झाले प्रादेशिक भेद. त्यांच्या पोटात घरगुती भेद आणखी आहेत. गूळ डाळीच्या बरोबरीने घ्यावा की किंचित कमी. पुरणात जायफळ घालावे, वेलदोडा घालावा की सुंठ. पोळी पिठीवर लाटावी की तेलावर. साराच्या मसाल्यात दगडफूल किती असावे — या प्रश्नांची उत्तरे एका आळीतील दोन घरांत सारखी नसतात. प्रत्येक घर आपले उत्तर मात्र निश्चयाने देते. हा निश्चय कोठून येतो, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

३. ग्रंथांची साक्ष

जुन्या ग्रंथांकडे वळल्यास मूळ कृती सापडेल, अशी आशा स्वाभाविक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सुमारे इ. स. ११३०) अन्नभोगाचे विस्तृत प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी तो संपादिला. त्यात मंडक या गव्हाच्या पदार्थाचे वर्णन आहे, आणि आजचा मांडा हा शब्द त्याच मंडकापासून आला आहे. त्यानंतरच्या काळात महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त नित्याच्या जेवणाचे आणि पदार्थांचे उल्लेख विखुरलेले आहेत. सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांचे ‘भोजनकुतूहल’ तर संस्कृत वैद्यकाच्या परिभाषेबरोबर पदार्थांची मराठी नावेही देते. तंजावरच्या मराठी राजघराण्याशी नवहस्तांचा संबंध होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी अशा साधनांच्या आधारे अनेक पदार्थांचा इतिहास कालानुक्रमे मांडून या अभ्यासाचा पाया घातला.

हे ग्रंथ पदार्थाच्या प्राचीनतेची साक्ष देतात, हे निर्विवाद. परंतु त्यांच्यावरून मूळ घरगुती कृती निश्चित करता येत नाही, याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे ‘मानसोल्लास’ हा राजाच्या भोगांचा ग्रंथ आहे आणि ‘भोजनकुतूहल’ हा पथ्यापथ्याचा. सामान्य घराची चूल या दोहोंचाही विषय नाही. दुसरे म्हणजे घटकद्रव्ये स्वतःच पालटली आहेत. सोमेश्वराच्या पाकशाळेत तिखटपणा मिऱ्यांचा होता. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या द्वारे सोळाव्या शतकात भारतात आली. ज्या काळ्या मसाल्याच्या सारावाचून नाशिककडील पुरणपोळी अपुरी मानतात, ते सार त्याच्या आजच्या रूपात चारशे-साडेचारशे वर्षांहून जुने असू शकत नाही. पोळीचा धागा मंडकापर्यंत मागे जातो आणि तिच्या जोडीदाराचा धागा पोर्तुगीज गलबतांपाशी थांबतो. तरीही घर या दोहोंना एकत्रच परंपरा म्हणते.

उपवासाच्या अन्नाचे उदाहरण याहून बोलके आहे. नवरात्रात गडावर व घरी सर्वत्र साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही द्रव्ये मूळची अमेरिका खंडातील. तमिळनाडूतील सेलम येथे साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला तो १९४० नंतरच्या दशकात, युद्धामुळे आयात थांबल्यावर. त्याच पानावरची भगर, म्हणजे वरईचे तांदूळ, ही मात्र नाशिकच्या पश्चिम डोंगरातील जुनी उपज. भगर व खिचडी या दोन्हींना एकाच विधीने सारखेच पावित्र्य दिले आहे. विधी द्रव्याच्या वयाची चौकशी करीत नाही.

४. भेदांची घडण

घरगुती भेद टिकतात कसे, याचा उलगडा नैवेद्याच्या नियमांतूनच होतो. नैवेद्याच्या अन्नाची चव देवापुढे ठेवण्यापूर्वी घ्यावयाची नाही, असा दंडक आहे. याचा परिणाम असा की, रांधणारीला मीठ, गूळ वा मसाला यांचा अंदाज जिभेने घेता येत नाही. तो हाताने, डोळ्याने आणि वासाने घ्यावा लागतो. पुरण झाले की नाही हे त्यात उभा राहणारा उलथना सांगतो. डाळ शिजली की नाही हे बोटांच्या चिमटीत कळते. चाखून दुरुस्ती करण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक घराला आपले प्रमाण पक्के ठेवावे लागते, आणि ते नव्या सुनेला समक्षच शिकवावे लागते. अशा रीतीने विधीचा कडकपणा हाच घरगुती वैशिष्ट्यांचा रक्षक ठरला आहे.

दुसरा मुद्दा कुलाचार आणि विवाह यांच्या संबंधाचा आहे. कुलदेवता पित्याकडून पुत्राकडे जाते; परंतु नैवेद्य करणारा हात दरपिढीस दुसऱ्या कुळातून येतो. जळगावकडची मुलगी दिंडोरीच्या घरात आली, म्हणजे देव सासरचा राहतो आणि खापरावर मांडा झेलण्याचे कौशल्य माहेरचे येते. सासूचे प्रमाण ती शिकते, तसेच आपले काही त्यात मिळविते. काही वर्षांनी ती स्वतः सासू झाली, की तो मिश्र पाठ त्या घराची रीत म्हणून पुढे जातो. म्हणजे ज्या कृतीला कुळाची म्हणून मान दिला जातो, तिचा प्रत्यक्ष वारसा स्त्रियांच्या परंपरेने चालतो. वंशावळी, सनदा आणि क्षेत्रोपाध्यांच्या वह्या यांत पुरुषांची नावे सापडतात. त्या कुळांच्या चवीचा इतिहास घडविणाऱ्या स्त्रियांची नावे त्यांत अभावानेच असतात.

तिसरे कारण टंचाईचे. सगळेच भेद आवडीतून निपजलेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो लोक दुष्काळी कामांवर होते. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी यांवर अनेक घरांनी दिवस काढले. अशा काळात डाळ कमी करणे, गव्हात दुसरे पीठ मिसळणे, तुपाची धार थेंबावर आणणे हे भेद गरजेने जन्मतात. त्यांतील काही सुबत्तेच्या काळातही टिकतात आणि मग ते घराचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जातात. वैयक्तिक रुची हा शब्द योजताना ती रुची निवडण्याचे स्वातंत्र्य किती घरांना होते, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

५. मुद्रित पाठ आणि प्रमाणीकरण

मूळ कृतीची कल्पना मग आली कोठून? ती मुद्रणाबरोबर बळावली, असे दिसते. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ विसाव्या शतकाच्या आरंभी आले. आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाली. ‘रुचिरा’ने वाटी व चमचा ही घरातलीच मापे नेमकेपणाने वापरली, आणि माहेर-सासरपासून दूर शहरात संसार थाटणाऱ्या पिढीला आधार दिला. समक्ष शिकविणारी सासू वा आई जवळ नसताना मुद्रित पान तिची जागा घेते. या पुस्तकांचे सामाजिक कार्य हेच होय, आणि ते थोडे नाही.

तथापि मुद्रणाची किंमतही असते. छापलेला एक पाठ प्रमाण झाला, की उरलेले पाठ चुकीचे भासू लागतात. ग्रीसमधील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे निकोलाओस त्सेलेमेन्तेस (१८७८–१९५८) या पाकतज्ज्ञाच्या पुस्तकाने गृहिणींवर एवढा प्रभाव पाडला की, ग्रीक भाषेत त्याचे नाव पाकपुस्तकाचेच सामान्यनाम बनले. ग्रीक स्वयंपाकातील तुर्की वळण दूर करून त्याला युरोपीय रूप द्यावे, असा त्याचा आग्रह होता. वांगी व खिमा यांच्या थरांच्या मुसाका या पदार्थावर आज जो फ्रेंच पद्धतीच्या पांढऱ्या रश्श्याचा थर असतो, तो त्याच्याच प्रभावाने रूढ झाला. आणि हा नवा थर आता परंपरेची खूण मानला जातो. दुसरीकडे, १९२३ च्या लोझान येथील करारानुसार झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत व तिच्या आगेमागे आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये सुमारे १२ लाख निर्वासित आले. स्मर्ना व अन्य शहरांतील जिऱ्या-मसाल्यांची पाकरीत त्यांच्या स्त्रियांनी घरोघर जपली. एकाच देशात छापील प्रमाण आणि घरगुती हात हे असे समांतर चालत राहिले. हा वादही तेथे नवा नव्हता : ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील आर्केस्ट्रेटस हा कवी चांगल्या माशावर चीज घालून तो बिघडविणाऱ्या सिराक्यूजच्या लोकांना दोष देतो, आणि त्याची वचने अथेनिअसच्या ग्रंथामुळे आपल्यापर्यंत आली आहेत. सिराक्यूजच्या घरांचे त्यावरचे म्हणणे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

वणी परिसराच्या बाबतीत हाच धोका संभवतो. छापील मराठी पाकपुस्तके प्राधान्याने नागर मध्यमवर्गीय घरांतून आली. त्यांत पुरणपोळीला पान मिळाले. खापरावरच्या मांड्याला त्यामानाने थोडी जागा मिळाली. नागलीच्या भाकरीबरोबरचे उडदाचे कालवण वा खुरासणीची चटणी यांना जवळजवळ मिळालीच नाही. पुस्तकात नाही म्हणून परंपरेत नाही, असा निष्कर्ष यातून काढला गेल्यास डोंगरातील समाजांच्या अन्नविषयक ज्ञानाचा इतिहास कायमचा पुसला जाईल. खापर घडविणारे कुंभार आणि मांडे झेलणारे हात कमी होत असताना ही शक्यता केवळ तात्त्विक राहिलेली नाही.

६. एक आक्षेप व निष्कर्ष

येथे एक आक्षेप घेता येईल. प्रत्येक घराचा पाठ निराळा असेल, तर पुरणाचा नैवेद्य हा एकच पदार्थ आहे असे तरी कशाच्या आधारे म्हणावे? याचे उत्तर विधीच्या स्वरूपात आहे. नैवेद्य त्या दिवशीचा ताजा असावा, तो गोड असावा, चाखलेला नसावा, पुरण असावे आणि ते कुळाच्या घरात शिजावे, इतक्या गोष्टी विधी ठरवितो. गूळ किती, जायफळ की वेलदोडा, तवा की खापर, हे तो ठरवीत नाही. राष्ट्रकूटकालीन दानपत्रांनी चरूचे प्रयोजन सांगून कृतीविषयी जे मौन पाळले, तेच मौन कुलाचारानेही पाळले आहे. या मौनाने मोकळी ठेवलेली जागा रांधणाऱ्या स्त्रियांनी भरली. तेव्हा पाठभेद हे परंपरेच्या ऱ्हासाचे लक्षण नसून तिच्या चालू राहण्याची रीत होय. हस्तलिखितांच्या संपादनात सर्व पोथ्यांच्या मुळाशी असलेल्या एका आदर्श पाठाचा शोध घेता येतो; घरगुती पाकात असा आदर्श पाठ असल्याचा पुरावा मिळत नाही.

यावरून संशोधनाची दिशाही सूचित होते. कृतींचा संग्रह करताना पदार्थाच्या नावाबरोबर रांधणारीचे माहेर व सासर, घरची पिके, वापरातील भांडी आणि शिकविणारी व्यक्ती यांची नोंद झाली पाहिजे. एरवी भेदाचे कारण कळणार नाही. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. जे काम दळणाऱ्या स्त्रियांच्या शब्दांसाठी होऊ शकले, ते रांधणाऱ्या स्त्रियांच्या हाताच्या ज्ञानासाठीही होऊ शकेल. वणीच्या यात्रेस तीन प्रदेशांतील कुळे दरवर्षी एकत्र येतात. एकाच देवतेपुढील नैवेद्याचे इतके पाठ एका ठिकाणी तपासण्याची अशी संधी अन्यत्र सहसा मिळत नाही. खापरावर मांडे करणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत, तोवर या कामाचा आरंभ होणे अगत्याचे आहे.